वैलावरच्या रिब्ज

आई सांगलीहून आमच्याकडे कॅन्सस सिटीला आली होती, तेव्हाची गोष्ट. शनिवारी सकाळी आठ वाजता मी स्लो कुकरमध्ये, म्हणजे मंद शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात, पोर्कच्या रिब्ज (बरगड्या) लावल्या, झाकण ठेवलं, बटण ‘लो’वर फिरवलं आणि चहाचा कप घेऊन बसले. आई ओट्याजवळच उभी.

“किती वेळ लागेल ह्याला?”

“चार वाजेपर्यंत होतील.”

“चार? संध्याकाळी? अगं, कुकर आहे ना घरात? पाच-सहा शिट्ट्या काढ आणि मोकळी हो.”

त्यानंतर ती दर अर्ध्या तासाने यायची, झाकण उचलायची, आत डोकवायची आणि “काहीच होत नाहीये” असं म्हणून पुन्हा ठेवायची. बाराच्या सुमारास तिने स्लो कुकरच्या अंगाला हात लावून बघितला, क्षणभर थांबली आणि म्हणाली, “म्हणजे वैल आहे हा.”

मी या विषयावर बरंच वाचलं होतं, पण इतकं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं. ज्यांनी चूल बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते. मातीच्या चुलीला मुख्य तोंडाशेजारी आणखी एक तोंड असायचं. त्याच्याखाली लाकूड नसे, शेजारच्या जाळाची उरलेली धग तेवढी तिथे यायची. तो वैल. भाकऱ्या चुलीवर आणि आमटी किंवा मटणाचं पातेलं वैलावर. वैलावरचं पातेलं उतू जात नाही, करपत नाही, रटरटतही नाही. नुसतं हळूहळू मुरत राहतं. स्लो कुकर अगदी तेच करतो, फक्त विजेवर. आणि वैलावर भाकरी भाजता येत नाही, तशा काही गोष्टी स्लो कुकरलाही जमत नाहीत. माझ्या मते रिब्ज बिघडतात त्या इथेच. लोक वैलाकडून चुलीचं काम मागतात.

आधी हे भांडं कुठून आलं

अर्व्हिंग नॅक्सन नावाचे शिकागोचे एक ज्यू इंजिनिअर होते. त्यांची आई मूळची लिथुआनियाची. ज्यूंमध्ये शनिवारी, म्हणजे शब्बाथला, चूल पेटवायची नसते. त्यामुळे शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत कडधान्य आणि मांसाचं पातेलं गावातल्या बेकरीत नेऊन द्यायचं. भट्टी विझत आलेली असे, तिच्या उरलेल्या उष्णतेवर ते रात्रभर शिजायचं. या पदार्थाला चोलंट म्हणतात. आईकडून ऐकलेल्या त्या गोष्टीवरून नॅक्सननी चिनी मातीच्या भांड्याभोवती विजेची तार गुंडाळलेलं यंत्र केलं. पेटंट मिळालं 1940 मध्ये. यंत्र मुख्यतः कडधान्य शिजवण्यासाठी विकलं जायचं, म्हणून त्याचं नावच ‘बीनरी’ होतं. 1970 मध्ये कॅन्सस सिटीच्या रायव्हल कंपनीने नॅक्सनची कंपनी विकत घेतली, यंत्राला नवं रूप दिलं आणि 1971 मध्ये ‘क्रॉक-पॉट’ म्हणून बाजारात आणलं. किंमत साधारण 25 डॉलर.

गंमत अशी, की हे ज्या शहरात घडलं ते बार्बेक्यूचं माहेरघर. हेन्री पेरी हे टेनेसीतून आलेले कृष्णवर्णीय गृहस्थ 1908 च्या आसपास इथल्या एका गल्लीत लाकडाच्या धुरावर भाजलेलं मांस वर्तमानपत्रात गुंडाळून विकायला लागले. कॅन्सस सिटीच्या बार्बेक्यूचा जनक म्हणून त्यांचंच नाव घेतात. पेरी वारले तेही 1940 मध्ये, नॅक्सनना पेटंट मिळालं त्याच वर्षी. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या ब्रायंट बंधूंनी पुढे तो धंदा चालवला. पेरींचा सॉस म्हणे डोळ्यांत पाणी आणणारा तिखट होता, आर्थर ब्रायंटनी तो लोकांना सोसेल असा केला.

त्यामुळे या गावात स्लो कुकरमधल्या रिब्जना कुणी बार्बेक्यू म्हटलं, की जुनी मंडळी भुवया उंचावतात. त्यांचं खरं आहे. धूर नाही तर बार्बेक्यू नाही. पण जानेवारीत बाहेर गुडघाभर बर्फ, अपार्टमेंटच्या बाल्कनीत कोळशाची शेगडी पेटवायला मनाई आणि घरात चार माणसं जेवायची. अशा वेळी नावावरून कोण भांडत बसेल?

मांस मऊ होतं म्हणजे नक्की काय होतं

रिब्ज म्हणजे बरगड्या. दोन बरगड्यांच्या मधे जे मांस असतं ते स्नायू श्वासाबरोबर हलत असतात, जनावर जिवंत आहे तोवर रात्रंदिवस. जो स्नायू सतत राबतो त्याच्यात कोलॅजन जास्त. कोलॅजन हे स्नायूंचे तंतू बांधून ठेवणारं प्रथिन. आपल्या कातडीत, कंडरांत, हाडांच्या टोकांना तेच असतं. कच्च्या मटणावरचा पांढरट, चिवट, दातात अडकणारा भाग म्हणजे मुख्यतः कोलॅजन.

त्याची रचना तिपेडी वेणीसारखी असते. तीन लांब पेड एकमेकांभोवती घट्ट पिळलेले. ही वेणी चावून तुटत नाही. उष्णता आणि ओलावा मिळाला तर मात्र ती सुटते. पेड सुटे झाले की त्यालाच आपण जिलेटिन म्हणतो. पायाचा रस्सा ओठांना चिकटतो, दोन बोटं एकमेकांना चिकटतात, ते हेच.

आता आतलं तापमान जसजसं चढतं तसं काय होतं ते पाहू, कारण सगळी मेख तिथे आहे. 50 अंश सेल्सिअसच्या आसपास तंतूंमधली प्रथिनं आवळायला लागतात. 60 ते 65 च्या दरम्यान कोलॅजनची वेष्टनं आकसतात आणि ओलं फडकं पिळावं तसं आतलं पाणी बाहेर निघतं. या टप्प्यावर रिब्ज काढल्या तर त्या शिजलेल्या असतात, खायला सुरक्षितही असतात, कारण अमेरिकेच्या कृषी खात्याच्या नियमाप्रमाणे अखंड पोर्कला 63 अंश आणि वर तीन मिनिटांचा विसावा पुरतो. पण चावायला त्या चपलेसारख्या लागतील. पुढे 70 च्या वर वेणी सुटायला सुरुवात होते, हळूहळू. 80 च्या पुढे वेग वाढतो. 90 ते 95 अंशांवर काही काळ राहिलं की रिब्ज खऱ्या अर्थाने मऊ होतात.

म्हणजे मांस आधी बिघडतं आणि मग सुधारतं. अर्धवट शिजवलेलं मटण चिवट लागतं तेव्हा लोकांना वाटतं जास्त शिजलं. बहुतेक वेळा ते कमी शिजलेलं असतं.

इथे आणखी एक गैरसमज. “पाण्यात शिजतंय ना, मग कोरडं कसं होईल?” होतं. मांसाचं कोरडं होणं म्हणजे आतलं पाणी पिळून जाणं, ते बाहेर पाणी असलं तरी जातंच आणि परत आत शिरत नाही. चिकन ब्रेस्ट आठ तास स्लो कुकरमध्ये ठेवून बघा, भुसा खाल्ल्यासारखं लागेल, कारण त्याच्यात कोलॅजनही फारसं नाही आणि चरबीही नाही. रिब्जचं पाणी तितकंच निघून जातं. पण वितळलेली चरबी आणि जिलेटिन तंतूंच्या मधे पसरतं आणि जिभेला ते रसदार वाटतं. जिभेची ही फसवणूकच आपल्याला हवी आहे.

मग आई म्हणते तशा शिट्ट्या काढल्या तर? होतात की. प्रेशर कुकरमध्ये दाबामुळे पाणी 120 अंशांच्या आसपास उकळतं, वेणी झपाट्याने सुटते, अर्ध्या तासात काम होतं. फरक नेम धरण्यातला आहे. कुकरमध्ये बरोबर शिजलेलं आणि लगदा झालेलं यांच्यात पाचेक मिनिटांचं अंतर असतं, आणि झाकण उघडून बघता येत नाही. स्लो कुकरमध्ये तेच अंतर तासाभराचं असतं. मी बाहेर कामाला गेले, वाहतुकीत अडकले, तरी रिब्ज माझी वाट बघतात.

‘लो’ आणि ‘हाय’मधला घोटाळा

बरेच जण समजतात की ‘लो’ म्हणजे कमी तापमान आणि ‘हाय’ म्हणजे जास्त. क्रॉक-पॉटसारख्या भांड्यांत दोन्ही बटणांवर शेवटी तापमान जवळपास सारखंच होतं, उकळीच्या किंचित खाली, 98 अंशांच्या आसपास. फरक आहे तिथवर पोचायला लागणाऱ्या वेळाचा. ‘हाय’वर तीन-चार तास, ‘लो’वर सात-आठ. ‘लो’वर मांस वेणी सुटण्याच्या पट्ट्यातून सावकाश चालत जातं, ‘हाय’वर धावत. रिब्जसाठी मी नेहमी ‘लो’ घेते. तिसरं बटण ‘वॉर्म’, ते शिजलेलं गरम ठेवण्यासाठी. त्याच्यावर कच्चं मांस कधीही सुरू करू नका. 4 ते 60 अंशांच्या मधे जंतू भराभर वाढतात, त्या पट्ट्यातून मांस लवकर बाहेर पडायला हवं. याच कारणाने दगडासारखं गोठलेलं मांस थेट स्लो कुकरमध्ये टाकायचं नाही, आदल्या दिवशी फ्रीजमध्ये उतरवून ठेवायचं.

झाकणाची गोष्ट राहिली. आतली वाफ झाकणाच्या कडेला थंड होते आणि पाण्याची बारीक रेघ साचते. तीच सील. झाकण उचललं की सील मोडते, वाफ जाते, आणि हे भांडं इतक्या कमी वॅटचं असतं की गेलेली उष्णता भरून काढायला त्याला वीस-तीस मिनिटं लागतात. त्या शनिवारी आईने आठ वेळा तरी झाकण उचललं असेल. रिब्ज चारला नव्हे, सहाला झाल्या. पाहुणे साडेपाचला आले होते.

विजेचं म्हणाल तर साधारण 200 वॅट गुणिले आठ तास, म्हणजे दीड युनिटच्या थोडं वर. जाता जाता भारतात नेणाऱ्यांसाठी: अमेरिकेतलं भांडं 120 व्होल्टचं असतं, आपल्याकडच्या 230 च्या सॉकेटला लावलं तर गेलंच म्हणून समजा. आणि ज्याचा जन्म कडधान्य शिजवायला झाला त्याच भांड्यात कोरडा राजमा नुसता भिजवून ‘लो’वर टाकू नका. त्याच्यातलं विषारी द्रव्य खळखळून उकळल्याशिवाय जात नाही. आधी गॅसवर नीट उकळून घ्या.

दुकानात काय मागायचं

पोर्कच्या रिब्ज मुख्यतः दोन प्रकारच्या मिळतात. बेबी बॅक म्हणजे पाठीच्या कण्याला लागून असलेला वरचा भाग. ‘बेबी’ आकारावरून म्हणतात, पिल्लाच्या नसतात. स्पेअर रिब्ज म्हणजे खालचा, पोटाकडचा भाग, लांब, जास्त चरबीचा, जास्त कोलॅजनचा. त्याच्या कडेची कूर्चा आणि छातीचं हाड कापून नीट आयत केला की त्याला सेंट लुइस कट म्हणतात. सगळे बेबी बॅकच्या मागे असतात. माझं मत विचाराल तर स्लो कुकरसाठी सेंट लुइस बरा, कारण हे भांडं ज्या कामात तरबेज आहे ते काम त्याच्यात जास्त आहे. पण नवशिक्याने बेबी बॅकवर हात बसवावा, आकाराने भांड्यात मावतात.

पाकिटावर ‘सोल्यूशन’ असा शब्द दिसतोय का बघा. असेल तर कारखान्यातच मिठाचं पाणी टोचलेलं आहे, तुमचं मीठ निम्म्यावर आणा.

आता तयारी. रिब्जच्या आतल्या बाजूला, हाडांवर, एक पातळ चकचकीत पापुद्रा असतो. तो आठ तासांतही विरघळत नाही, उलट प्लॅस्टिकच्या कागदासारखा होतो आणि मसाला आत जाऊ देत नाही. चमच्याचा दांडा मधल्या एखाद्या हाडावर पापुद्र्याखाली सरकवायचा, अलगद वर उचलायचा, बोट आत गेलं की पेपर टॉवेलने पकडून ओढायचं. पापुद्रा निसरडा असतो, नुसत्या हाताने पकडायला गेलात तर सुटत राहतो. नशीब चांगलं असेल तर अख्खा एका ओढीत येतो. आईला हे काम फार आवडलं. “वालाची सालं काढण्यापेक्षा बरं,” म्हणाली.

एक-सव्वा किलोच्या रॅकला, म्हणजे बरगड्यांच्या अख्ख्या पट्टीला, मी दोन चहाचे चमचे मीठ, दोन मोठे चमचे ब्राउन शुगर, एक मोठा चमचा पॅप्रिका, एकेक छोटा चमचा मिरपूड, लसणाची पूड आणि मोहरीची पूड घेते. पॅप्रिका नसेल तर ब्याडगी मिरचीची पूड उत्तम, रंग येतो आणि जाळ होत नाही. हे चोळून रात्रभर फ्रीजमध्ये. मीठ सावकाश आत झिरपतं, बाकीचे मसाले वरच राहतात.

कच्ची पपई मात्र लावू नका. आपल्याकडे कबाबाला लावतात आणि झटपट भाजल्या जाणाऱ्या कबाबाला ती ठीकच आहे. पपईतलं पपेन तंतूच कापत सुटतं आणि 60-65 अंशांपर्यंत ते जोमात असतं. स्लो कुकर त्याच तापमानातून तासन् तास रेंगाळत जातो. मी हा प्रयोग केलेला आहे. चमच्याने खावं लागलं.

भांड्याच्या तळाशी कांद्याच्या जाड चकत्या, त्यावर दोन चमचे व्हिनेगर. रॅक उभी करून भांड्याच्या भिंतीलगत वळकटीसारखी गुंडाळायची, मांसाची बाजू बाहेर, हाडं आत. तापणारी तार भिंतीत असते म्हणून. पाणी? एक थेंब नको. सॉस? अजिबात नको. इथे माझी पहिली फजिती सांगते: मी अख्खी बाटली सॉस आणि वर कपभर पाणी ओतलं होतं. संध्याकाळी झाकण उघडलं तर नारिंगी पाण्यात पांढुरकी, उकडलेली हाडं तरंगत होती. त्यानंतर एकदा पाण्याशिवाय लावून मोजलं. सव्वा कप रस निघाला, सगळा मांसातून आणि कांद्यातून.

वैल संपला, आता चूल

बेबी बॅक ‘लो’वर सहा-सात तास, सेंट लुइस सात-आठ. झाल्या का, हे ओळखायच्या खुणा: हाडांची टोकं उघडी पडतात, साधारण नखाएवढी, कारण आकसलेलं मांस मागे सरकतं. चिमट्याने एका टोकाला उचललं की रॅक वाकते आणि वरच्या पृष्ठभागाला चीर पडते. दोन हाडांमधे टूथपिक खुपसली तर लोण्यात घातल्यासारखी जाते. थर्मामीटर असेल तर 95 अंश, इथल्या थर्मामीटरवर 203 फॅरनहाइट, पण हाडाला टेकवू नका.

यावर इथे वाद आहे. लोक कौतुकाने म्हणतात, “हाडावरून गळून पडतं!” कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटीच्या स्पर्धेत असं मांस गळून पडलं तर परीक्षक गुण कापतात, त्यांच्या लेखी ते जास्त शिजलेलं. चावाल तेवढाच घास सुटावा, दातांची खूण उरावी आणि बाकीचं हाडाला धरून राहावं. मलाही तसंच आवडतं. माझ्या मुलांना गळून पडणारं आवडतं. दहा तास झाले की मात्र कुणालाच आवडत नाही.

आता रिब्ज मऊ आहेत, पण दिसायला आजारी. बंद भांड्यात वाफ असते आणि वाफेत पृष्ठभाग 100 अंशांच्या वर जाऊ शकत नाही. खमंगपणा येतो तो कोरड्या पृष्ठभागावर, 140 अंशांच्या पुढे, जेव्हा प्रथिनं आणि साखर एकमेकांशी जुळून तपकिरी होतात. लुई-कामीय माइयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1912 मध्ये हे पहिल्यांदा मांडलं, म्हणून त्याला माइयार प्रक्रिया म्हणतात. भाकरीवरचे डाग, परतलेल्या कांद्याचा रंग, भाजलेल्या खोबऱ्याचा वास, सगळं त्यातलंच. भाकरी आपण तव्यावरून उतरवून निखाऱ्यावर धरतो, तसं रिब्जना शेवटी आगीसमोर धरायचं.

स्लो कुकर बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. जिलेटिन जरा घट्ट होतं आणि रॅक तुकडे न पडता उचलता येते. दोन पसरट उलथनी खालून घालून फॉइल लावलेल्या ट्रेवर ठेवायची, मांसाची बाजू वर, आणि पेपर टॉवेलने हलकेच टिपायची, कारण पाणी सुकेपर्यंत रंग चढत नाही. मग सॉसचा पातळ हात. ओव्हनच्या ब्रॉयलरखाली, म्हणजे वरून येणाऱ्या जाळाखाली, वीतभर अंतरावर, तीन-चार मिनिटं. बाहेर काढायची, दुसरा हात, पुन्हा दोन मिनिटं. सॉस बुडबुडायला लागतो, कडांना काळे ठिपके येतात, वास बदलतो. या पाच-सहा मिनिटांत फोन घेऊ नका. साखर तपकिरीवरून काळी व्हायला पाऊण मिनिट पुरतं आणि आमच्या घरातला स्मोक अलार्म फार भित्रा आहे.

सॉस घरी करायचा तर कपभर टोमॅटो केचप, पाव कप व्हिनेगर, दोन-तीन चमचे मोलॅसिस, थोडी मोहरी, मिरपूड, वूस्टरशायर सॉस, आणि कुकरमधला गाळलेला रस आटवून दोन चमचे. मोलॅसिसला मराठीत मळी म्हणतात, साखर काढून झाल्यावर जे उरतं ते. पण आपल्याकडे मळी मद्यार्काच्या कारखान्यात जाते, स्वयंपाकघरात नाही. तिच्या जागी काकवी वापरा. गोडवा अधिक आणि कडसरपणा कमी, एवढाच फरक. आईने येताना कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळातली बाटली आणली होती, ती मी तशीच वापरते.

धुराचं काय

धूर स्लो कुकरमध्ये येणार कुठून? खऱ्या स्मोकरमधे, म्हणजे धुरावर मांस शिजवायच्या भट्टीत, हिकरी किंवा ओकचं लाकूड धुमसतं, त्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड मांसाला लाल रंग देणाऱ्या मायोग्लोबिनला चिकटतो आणि कडेला गुलाबी पट्टा उमटतो. चवीशी त्या पट्ट्याचा संबंध नाही, पण खवय्ये आधी तोच शोधतात. स्मोकरमध्ये आणखी एक भानगड असते. मांस 65-70 अंशांवर येऊन तासन् तास अडकतं, पुढे चढतच नाही. कारण माठासारखं आहे: पृष्ठभागावरून पाणी उडतं आणि मांस थंड राहतं. झाकलेल्या स्लो कुकरमध्ये पाण्याला उडायला जागाच नाही, त्यामुळे हा त्रास नाही.

धुराचा वास हवाच असेल तर बाटलीतला धूर मिळतो, लिक्विड स्मोक. हाही याच गावचा. अर्नेस्ट राइट नावाच्या औषधविक्रेत्याने 1895 मध्ये तो विकायला काढला. लहानपणी स्टोव्हच्या पाइपावरून गळणाऱ्या काळ्या थेंबांमधला धुराचा वास त्यांनी ओळखला होता, असं सांगतात. लाकडाचा धूर थंड करून पाण्यात धरायचा आणि गाळायचा, इतकंच ते असतं. अर्धा छोटा चमचा सॉसमध्ये. एक चमचा घातलात तर जेवणाला जळक्या घराचा वास येईल.

मला त्यापेक्षा आपला धुंगार बरा वाटतो. ब्रॉयलरमधून काढलेली रॅक मोठ्या पातेल्यात, मधे वाटीत लालभडक निखारा, त्यावर चमचाभर तूप, झाकण, पाच मिनिटं. हे बाहेर अंगणात करायचं, आणि कोळसा साधा लाकडाचा घ्यायचा, पेटवायचं तेल पाजलेल्या विटा नकोत. हिकरीची सर येत नाही. पण खोटंही वाटत नाही.

त्या शनिवारी आईने मात्र एकही रिब खाल्ली नाही. ती मटण खाते, पोर्क नाही. मग पुढच्या आठवड्यात हलाल दुकानातून बोकडाची चाप आणि सीना आणला. बोकडाला चरबी कमी आणि कोलॅजन भरपूर, म्हणून ‘लो’वर सात तास लावला, साखर वगळली, आलं-लसूण वाढवलं. बोकडाची चरबी निवली की मेणासारखी टाळूला चिकटते, त्यामुळे ब्रॉयलरमधून थेट ताटात. आईने एक हाड उचललं, चावलं, दातांची खूण बघितली. “शिजलंय,” म्हणाली. तिच्या तोंडून हे मोठं प्रमाणपत्र. त्या दिवशी झाकणाला तिने हात लावला नव्हता.

उरलेला रस मी वाटीत गाळून फ्रीजमध्ये ठेवला होता. सकाळी उघडला तर वर चरबीचा पांढरा थर आणि खाली तपकिरी, थरथरणारी जेली. वाटी उलटी केली तरी पडेना. मी आईला दाखवायला गेले, हीच ती सुटलेली वेणी म्हणून. तिने वाटी माझ्या हातातून घेतली, चरबी बाजूला काढली, कांदा परतला, सांगलीहून आणलेला कांदा-लसूण मसाला घातला आणि ती जेली त्यात सोडली. दहा मिनिटांत रस्सा तयार. भाकरीचं पीठ ती आधीच मळून बसली होती.